दानापासून अधिकारापर्यंत : अपंग विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाची कहाणी

मन्याडच्या काठी वसलेल्या आपल्या कंधार नगरीचा इतिहास सांगावयाचा तर राष्ट्रकूटांपासून आरंभ करावा लागतो. आज पडझड झालेल्या स्थितीत उभा असलेला किल्ला, जगत्तुंग समुद्र या भव्य नावाने ओळखला जाणारा जलाशय आणि येथे सापडलेला तिसऱ्या कृष्णाच्या काळचा शिलालेख ही त्या वैभवाची साक्ष होय. शेजारचे लातूर तर राष्ट्रकूटांचे मूळ स्थान; ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हे बिरुद ते राजे अभिमानाने मिरवीत. दरवर्षी या स्मरणिकेत आपल्या भागातील देवळे, घराणी व पराक्रम यांवर काही ना काही लिहिले जाते. यंदा मी ज्ञातिबांधवांसमोर एक निराळा विषय ठेवीत आहे. शरीराने अथवा इंद्रियांनी अधू असलेल्या मुलाला उच्च विद्या घेता यावी म्हणून राजाने, समाजाने व शासनाने केव्हा काय केले, आणि त्यात आपण कोठे होतो, हा तो विषय होय.

याच तिसऱ्या कृष्णाच्या राजवटीत, इसवी सन ९४५ मध्ये, विजापूर प्रांतातील साळोटगी येथे एक शिलास्तंभ कोरला गेला. राजाचा मंत्री नारायण याने तेथे एक विद्याशाळा बांधली होती. देशोदेशीचे विद्यार्थी तेथे येत. त्यांच्या राहण्यासाठी सत्तावीस घरे होती, आणि रात्रीच्या अभ्यासाच्या दिव्यांसाठीही जमीन तोडून दिलेली होती. तेलवातीचासुद्धा विचार करणारी ही दृष्टी पाहून आजही मस्तक नम्र होते. परंतु त्याबरोबरच मनात एक प्रश्न उभा राहतो. ज्याला दिव्याचा उपयोगच नाही, अशा विद्यार्थ्याला त्या सत्तावीस घरांत जागा होती काय? शिलालेख याविषयी मूक आहे. आणि आपल्या इतिहासात या विषयापुरते हे मौन फार दीर्घकाळ टिकलेले दिसते.

आपल्या पूर्वजांना दया नव्हती असे कोणी म्हणू नये. आंधळ्या-पांगळ्यांस अन्न द्यावे, हिवाळ्यात घोंगडी द्यावी, देवळाच्या पायरीवर बसलेल्याच्या हातावर पैसा ठेवावा, हा धर्म गावोगाव पाळला जात असे. परंतु दान देणारा हात अपंगाच्या पोटापर्यंत पोहोचत असे, त्याच्या बुद्धीपर्यंत क्वचितच पोहोचत असे. विद्येसाठी दिलेले दान निराळे आणि करुणेपोटी दिलेले दान निराळे, असे दोन कप्पे समाजाच्या मनात पडले होते. आणि अपंगाचे नाव नेहमी दुसऱ्या कप्प्यात लिहिले जाई.

याला अपवाद झाले नाहीत असे नाही. अमरावती जिल्ह्यातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज हे त्यांतील सर्वांत तेजस्वी उदाहरण. सन १८८१ मध्ये त्यांचा जन्म झाला, आणि वयाचे पहिले वर्ष पुरे होण्यापूर्वीच त्यांची दृष्टी गेली. तरीही सन १९१५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, देह ठेवण्यापूर्वी त्यांनी वेदान्त, भक्ती, संगीत, वैद्यक अशा विविध विषयांवर शंभराहून अधिक लहानमोठ्या ग्रंथांची रचना केली. हे कसे घडले? अलौकिक स्मरणशक्ती हे एक कारण खरेच. परंतु दुसरे कारण आपण सहसा सांगत नाही. त्यांना ग्रंथ वाचून दाखविणारी आणि ते सांगतील ते लिहून घेणारी माणसे त्यांच्याजवळ होती. म्हणजे डोळे नसणे ही अडचण वाचकाच्या साहाय्याने ओलांडता येते, हा धडा आपल्या महाराष्ट्रातच लिहिला गेला होता. दुर्दैवाने आपण त्यातील चमत्कार तेवढा पाहिला, व्यवस्था पाहिली नाही.

आता शिष्यवृत्तीच्या इतिहासाकडे वळू. पेशवाईत श्रावण महिन्यात विद्वानांस दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर त्याच निधीच्या आधारे सन १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुढे त्यातूनच मराठी ग्रंथांसाठी पारितोषिके व महाविद्यालयात दक्षिणा फेलोंची नेमणूक अशा नव्या वाटा निघाल्या. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती तर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या आकांक्षेचा विषय होऊन राहिली. या सर्वांत गुणवत्तेचा सन्मान होता. परंतु ज्याच्या मार्गातच धोंडा पडलेला आहे, त्याचा धोंडा आधी बाजूस सारावा आणि मग गुण पाहावेत, हा विचार नंतरचा. राजर्षी शाहू महाराजांनी सन १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली, ती याच विचाराने. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी सन १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांस कोलंबिया विद्यापीठात धाडण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. तिचे फळ सर्व राष्ट्राने चाखले. पुढे सन १९४४ मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शालान्तोत्तर शिष्यवृत्तीची केंद्रीय योजना सुरू झाली. शिष्यवृत्ती ही कृपा नसून अन्यायाची अंशतः केलेली भरपाई आहे, हे तत्त्व तेव्हापासून राज्यकारभारात रुजले.

या तत्त्वाची कक्षा अपंग विद्यार्थ्यापर्यंत वाढण्यास जगातील काही चरित्रांचाही उपयोग झाला. फ्रान्समध्ये लुई ब्रेल या अंध मुलाने किशोरवयातच सहा टिंबांची लिपी सिद्ध केली, आणि बोटांनी वाचण्याचा मार्ग खुला झाला. इंग्लंडात हेन्री फॉसेट यांची दृष्टी सन १८५८ मध्ये शिकारीतील अपघाताने पंचविसाव्या वर्षी गेली. तरी ते केंब्रिजला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पार्लमेंटात निवडून आले व सन १८८० मध्ये पोस्टमास्टर जनरल झाले. हिंदुस्थानच्या प्रश्नांवर ते इतक्या आस्थेने बोलत, की त्यांस ‘हिंदुस्थानचे सभासद’ असे नाव पडले होते. इजिप्तमधील ताहा हुसेन यांचे डोळे बालपणीच गेले होते. सन १९१४ मध्ये कैरोच्या विद्यापीठाने त्यांस डॉक्टरेट दिली आणि पुढील अभ्यासासाठी स्वतःच्या खर्चाने फ्रान्सला पाठविले. हाच अंध विद्यार्थी सन १९५० मध्ये आपल्या देशाचा शिक्षणमंत्री झाला. अमेरिकेतील हेलन केलर यांना तर दृष्टी व श्रवण दोन्ही नव्हती. त्यांची शिक्षिका वर्गातील व्याख्यान अक्षर-अक्षर करून त्यांच्या तळहातावर लिहीत असे, आणि अशा रीतीने सन १९०४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. सन १९५५ मध्ये त्या भारतात आल्या, तेव्हा हजारो लोक त्यांस पाहावयास लोटले होते.

स्वतंत्र भारताने या बाबतीत अगदीच विलंब लावला असे नाही. सन १९४७ मध्येच केंद्रीय शिक्षण खात्यात अंधांच्या प्रश्नांसाठी एक स्वतंत्र कक्ष होता. आणि त्यात काम करणारे लाल अडवाणी स्वतः अंध होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. भारतीय भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल लिप्या प्रचारात होत्या. त्यांचा घोळ मिटवून सन १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ ही समान लिपी स्वीकारण्यात आली, व डेहराडून येथे ब्रेल छापखाना निघाला. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमाने शिक्षणाच्या हक्काविषयी व अपंगत्वाच्या प्रसंगी शासकीय साहाय्याविषयी राज्याला निर्देश दिला. या सर्वांची परिणती म्हणून सन १९५५ च्या सुमारास केंद्र शासनाने अंध, बधिर व अस्थिव्यंग असलेल्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीची योजना चालू केली. मुंबईत तर सन १९५९ मध्ये अपंगांसाठी देशातील पहिले खास सेवायोजन कार्यालयही उघडले.

दिल्लीत हे सारे घडत असता आपल्या मराठवाड्यात काय होते? १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली तेव्हा उच्च शिक्षणाची येथे वानवाच होती. सन १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादेस, आणि त्याची शिक्षणभाषा उर्दू. सन १९५० मध्ये नांदेडास पीपल्स कॉलेज व औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. कंधारात श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीच्या द्वारे भाई केशवराव धोंडगे यांनी खेड्यापाड्यांतील मुलांस विद्येचे दार उघडले. धडधाकट मुलालासुद्धा महाविद्यालय गाठणे ही तपश्चर्या होती. मग ज्याचे पायच चालत नव्हते त्याची कथा काय वर्णावी?

अशा एका मुलाची हकीकत माझ्या वडिलांच्या तोंडून मी अनेकदा ऐकली आहे. तो त्यांचा वर्गबंधू आणि आपल्याच ज्ञातीतील होता. बालपणी आलेल्या तापात त्याचे दोन्ही पाय गेले. थोरला भाऊ त्यास पाठीवर घेऊन रोज शाळेत आणी, मागल्या भिंतीशी बसवी आणि सुटल्यावर पुन्हा पाठीवर घेऊन जाई. गणितात त्याचा हात धरणारा वर्गात दुसरा कोणी नव्हता. सन १९५७ मध्ये तो शालान्त परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला. पुढे नांदेडास शिकावे अशी त्याची फार इच्छा. परंतु वसतिगृहाचा खर्च आणि सोबतीला राहणाऱ्या माणसाचा खर्च घराला पेलणारा नव्हता. तेव्हा त्याच्या वडिलांनी आपल्या ज्ञातिसंस्थेकडे अर्ज केला.

त्या अर्जाचे पुढे काय झाले, हे मी संस्थेच्या जुन्या इतिवृत्ताच्या वहीत स्वतः वाचले आहे. विद्यार्थी-साहाय्य निधीकडे आलेला तो अर्ज निराश्रित-साहाय्य निधीकडे वर्ग करण्यात आला, आणि एकवेळचे धान्य व वस्त्र देण्याचे एकमताने ठरले. लिहिणाऱ्याची अक्षरे सुरेख आहेत, भाषा दयार्द्र आहे. कोणाच्याही मनात दुजाभाव नव्हता. परंतु त्या एका ओळीने एका विद्यार्थ्याचे नाव विद्येच्या वहीतून काढून भिक्षेच्या वहीत लिहिले. केंद्र शासनाची शिष्यवृत्ती त्याच्यासारख्यांसाठीच निघालेली आहे, हे सभेला बसलेल्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. तो मुलगा पुढे आयुष्यभर अडत दुकानात मुनीम राहिला. त्याच्या हिशेबात कधी एका पैची चूक निघाली नाही, असे वडील सांगत. आणि हे सांगून झाल्यावर ते बराच वेळ काही बोलत नसत.

मला वाटते, या विषयाचा सगळा इतिहास त्या दोन वह्यांत सामावलेला आहे. पहिल्या वहीतून दुसरीत गेलेले नाव पुन्हा पहिल्या वहीत आणण्यास राष्ट्राला पुढची अनेक वर्षे खर्चावी लागली. सन १९७४ मध्ये अपंग मुलांना सर्वसामान्य शाळेतच शिकविण्याची केंद्रीय योजना आली. सन १९९५ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. सन २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांच्या हक्कांचा करार संमत केला, आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने त्यावर मान्यतेची मोहोर उमटविली. त्यानुसार सन २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम झाला. पूर्वीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. उच्च शिक्षणातील राखीव जागा पाच टक्के झाल्या, आणि प्रवेशासाठी वयाची पाच वर्षे सवलत मिळाली. पूर्वी ज्याला साहाय्य म्हणत, त्याला आता हक्क म्हणू लागले.

या हक्कांपैकी आपल्या कुटुंबांस प्रत्यक्ष उपयोगी पडणारा भाग थोडक्यात सांगतो. ज्याचे अपंगत्व चाळीस टक्के अथवा अधिक असल्याचे प्रमाणित झाले आहे, अशा विद्यार्थ्यास दहावीनंतरच्या शिक्षणासाठी दोन मार्ग आहेत. एक केंद्र शासनाची शालान्तोत्तर शिष्यवृत्ती : ती अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत मिळते, पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली, आणि निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखल्या गेल्या. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावयाचा असतो. दुसरी महाराष्ट्र शासनाची : तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. या राज्य योजनेत अभ्यासक्रमांचे गट पाडलेले असून निर्वाहभत्ता त्या गटानुसार ठरतो. वसतिगृहात राहणाऱ्यास तो अधिक व घरून जाणाऱ्यास कमी असतो. अंध विद्यार्थ्याला याखेरीज वाचकभत्ता मिळतो. गुलाबराव महाराजांजवळ बसून ग्रंथ वाचणाऱ्या माणसाची जागा शासनाच्या नियमात अशी झाली, हे पाहून समाधान वाटते. संशोधन करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि परदेशी जाणाऱ्यांसाठीही स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. सन २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागच स्थापन केला.

मग आता उणीव कशाची? सन २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. आपली ज्ञाती काही यातून वगळलेली नाही. तरीही आपल्या गुणगौरव समारंभात व्यासपीठावर येणाऱ्या मुलांत अपंग मूल किती वेळा दिसले, याचा प्रत्येकाने आपल्याशी विचार करावा. अनेक घरांत अशा मुलाचे प्रमाणपत्रच काढलेले नसते. बहिणीच्या लग्नास अडथळा येईल, लोक नावे ठेवतील, या भयाने त्याची नोंद टाळली जाते. प्रमाणपत्र नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून अर्ज नाही, आणि अर्ज नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही. दिल्लीहून व मुंबईहून निघालेला हक्क आपल्याच उंबरठ्याशी येऊन थांबतो. सन १९५७ मध्ये आपणांस ठाऊक नव्हते, ही सबब होती. आज ती उरलेली नाही.

कागद हाती असला तरी झगडा संपतोच असे नाही, हेही मान्य केले पाहिजे. वैद्यकीय शिक्षणाचे नियम असे होते, की वाणीदोषाचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक असेल तर प्रवेशच नाकारला जाई. महाराष्ट्रातीलच एका विद्यार्थ्याने याविरुद्ध दाद मागितली. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून विद्यार्थ्यास अपात्र ठरविता येणार नाही. त्याच्या अपंगत्वामुळे तो अभ्यासक्रम पुरा करणे खरोखर अशक्य आहे काय, हे तज्ज्ञांनी तपासले पाहिजे. लातुरात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी हजारो मुले रात्रंदिवस अभ्यास करीत असतात. त्यांतील एखाद्या आपल्या मुलासाठी हा निर्णय केवढा मोलाचा आहे, हे सांगणे नको.

याच भागाने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाटही पाहिली आहे. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली आणि हजारो जायबंदी झाली. आदल्या रात्री धडधाकट असलेली कित्येक माणसे सकाळी अपंग झाली होती. अपंगत्व हे कोणाच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे, ते कोणाच्याही घरी कोणत्याही क्षणी येऊ शकते, हे मराठवाड्याइतके दुसऱ्या कोणी जवळून पाहिले नसेल.

लेखाच्या शेवटी संस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे आणि सर्व कुटुंबांपुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, विद्यार्थी-साहाय्य निधीच्या नियमांत अपंग विद्यार्थ्यांचा स्पष्ट उल्लेख व्हावा, आणि त्यांचा अर्ज पुन्हा कधीही दुसऱ्या निधीकडे वर्ग होऊ नये. दुसरी, ज्ञातीची कुटुंबगणना होते त्या वेळी प्रत्येक गावातील दोन तरुणांनी अशा मुलांच्या घरी जाऊन प्रमाणपत्र, ओळखपत्र, बँकेचे खाते व अर्ज ही कामे त्यांच्यासोबत राहून पुरी करावीत. नांदेडचा पन्नासेक किलोमीटरचा हेलपाटा एकट्या आईबापाला जड जातो. दोघे बरोबर असले की तो निम्मा होतो. तिसरी, शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर जमा होण्यास पुष्कळदा विलंब लागतो. तेवढ्या काळापुरती रक्कम संस्थेने बिनव्याजी उसनी द्यावी, म्हणजे पहिल्या सत्राची फी भरावयाची राहिली म्हणून कोणी परत येणार नाही.

साळोटगीच्या दानपत्रात दिव्यांच्या तेलाची तरतूद होती. हजार वर्षांनंतर आपल्याकडून तेवढी तरी दूरदृष्टी अपेक्षिली तर ते अधिक नव्हे. संस्थेच्या इतिवृत्ताची ती जुनी वही अद्याप कपाटात आहे. त्या पानावरील ठराव आता बदलता येणार नाही. परंतु यंदाच्या वहीत पहिला ठराव कोणता लिहावयाचा, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे.